प्रपत्र ब: आमच्या वेळेचा दर

मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी कालव्यावरचा पूल बंद झाला. सहा बावन्नला मी त्याच्या अलीकडच्या टोकाला पोचलो. दोन मिनिटांचा हा फरक मुद्दाम नोंदवतो आहे, कारण पुढचं सगळं मिनिटांवरूनच घडलं.

पुलाच्या तोंडाशी दोन पिंपं, त्यांवर आडवा बांबू आणि बांबूला तारेनं बांधलेली पाटी: ‘पूल धोकादायक. वापर बंद.’ पाटी बांधणारा माणूस पक्कड खिशात घालत होता.

“कधी सुरू होणार?” मी विचारलं.

“मी बांधतो,” तो म्हणाला. “सोडणारा वेगळा असतो.”

पुलाच्या पलीकडे दादा राहतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. छत्तीस वर्षं तो वजनकाट्यावर कारकून होता, आणि त्या मंगळवारी त्याच्या पक्षाघाताचा बाविसावा दिवस होता. उजवी बाजू गेलेली. जीभही अडखळत होती, मात्र तिची धार शाबूत होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, “पहिले तीन महिने. दिवसातून दोनदा उभं करून चालवायचं. या तीन महिन्यांत जे परत येईल ते आपलं.” दादाचं वजन अठ्ठ्याऐंशी किलो आणि वहिनीचं शेहेचाळीस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोन्ही वेळा तिथं मी का हवा होतो ते कळतं. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. पाळी दुपारी अडीचला सुरू होते. तोवर सकाळी सातला एक आणि दुपारी एकला एक अशा दोन फेऱ्या मी करत होतो. पुलावरून नऊ मिनिटं लागायची.

मोठ्या पुलाला वळसा घालून बसनं त्रेचाळीस मिनिटं लागतात. शिवाय अकरा ते चार ती बस धावतच नाही. थोडक्यात, दुपारची फेरी पहिल्याच दिवशी बुडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं एकटीनं प्रयत्न केला. तिसऱ्या पावलाला दोघं मिळून सोफ्यावर कोसळली, त्यात वहिनी खाली होती. “लागलं नाही हो,” ती फोनवर म्हणाली. आवाज मात्र अजून सोफ्याखालून आल्यासारखा होता.

गुरुवारी मी बांधकाम विभागात गेलो. कनिष्ठ अभियंता तरुण आणि सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि सांगितलं, की यादीत चौदा पूल आहेत आणि निधी तीन पुलांपुरता.

“मग तीन निवडता कसे?”

“वेळेच्या मूल्यावर.” त्यानं खणातून एक फॉर्म काढला. प्रपत्र ब: प्रवासी व माल यांच्या वेळेचे मूल्य. “पूल बंद असल्यानं लोकांचा आणि मालाचा रोज किती वेळ वाया जातो, आणि त्याची किंमत किती, एवढं दाखवायचं. दिवसाला चाळीस हजारांच्या वर गेलं, तर पूल यादीत वर जातो.”

“किंमत कशी काढायची?”

“सोपं आहे. माणूस कामावर असताना प्रवास करत असेल, तर त्याच्या ताशी कमाईची पूर्ण किंमत. घरून कामाला जात असेल तर निम्मी. बाकी सगळं ‘इतर’. इतरला चौथा हिस्सा.”

“मी भावाला चालवायला जातो.”

“इतर.”

“तो आजारी आहे.”

“म्हणून तर इतर. करमणुकीलाही तेच.”

“आणि त्याच्या वेळेची किंमत?”

अभियंत्यानं फॉर्म उलटा करून मागच्या टिपा वाचल्या. मन लावून वाचल्या, हे मान्य करायला हवं. “भाऊ जागचे हलत नाहीत ना? मग ते प्रवासी नाहीत. त्यांची शून्य.”

माझा पगार महिन्याच्या दोनशे तासांनी भागला तर ताशी दोनशे बारा येतो. त्याचा चौथा हिस्सा त्रेपन्न. सत्तावीस वर्षं मी लोकांची वाक्यं दुरुस्त करतो आहे. या सत्तावीस वर्षांत माझ्या तासाची किंमत मला कुणी विचारली नव्हती, आणि विचारली तेव्हा ती एका साध्या छत्रीच्या किमतीच्याही खाली निघाली. दादाला हे सांगितलं. तो बराच वेळ ओठ जुळवत राहिला.

“म्हणजे... दोघांत मिळून... चौथाई,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा... तू... पुढेच... आहेस. पहिल्यांदाच.”

आमच्या वसाहतीत तीन इमारती आणि एकशे चोवीस घरं आहेत. बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी रोज पूल ओलांडतं. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण वसाहतीच्या अध्यक्षांच्या मते “लिहिणं हा तुमचा प्रांत”. अध्यक्ष हे लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेले व्यवस्थापक आहेत. कुठल्याही वस्तूकडे ते आधी तिची जाडी पाहावी तसं पाहतात.

माझी बायको बँकेत रोखपाल आहे. तिनं फॉर्म एकदाच वाचला. “घर नंबर आणि सह्या कशाला घेताय?” तिनं विचारलं. “या फॉर्मात मागितलेल्या नाहीत.”

“आकड्याला आधार हवा.”

“आधार कुणी मागितलाय?”

“मागितला नाही म्हणून द्यायचा नाही, असं होत नाही. उद्या कुणी विचारलं, हा आकडा कुठून आला?”

“विचारू देत की,” ती म्हणाली आणि नोटा मोजायच्या बोटांनी चपात्या मोजून डब्यात भरू लागली. त्यानंतर या विषयावर तिनं एक अक्षर काढलं नाही. पुढे तीन आठवडे सगळी वसाहत माझ्यावर तुटून पडली, तेव्हाही नाही. तिचं ते न बोलणं मला इतरांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

पाहणीला मी शनिवारी सुरुवात केली. पहिलं दार अध्यक्षांचं.

“ताशी दोन हजार लिहा,” ते म्हणाले.

“आपण निवृत्त आहात.”

“सल्लागार आहे.”

“सल्ला कुणाला देता?”

“आत्ता तुम्हाला देतोय की. फुकट देतोय म्हणून किंमत नाही, असं समजू नका. आणि माझा सगळा प्रवास ‘कामावर’मध्ये घाला.”

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “भाजी आणायला जातात पलीकडे. निवडून आणतात ती पण किडकी.”

“ती बाजाराची पाहणी असते,” अध्यक्ष म्हणाले. मी दोन हजार लिहिले, सही घेतली.

समोरच्या दारातल्या शिकवणीच्या बाईंनी आधी प्रामाणिकपणे तीनशे सांगितले होते. जिन्यात त्यांना अध्यक्षांचा दर कळला. मी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या मागून आल्या. “माझे बावीसशे करा.”

“बाई, तीनशेचे एकदम बावीसशे?”

“ते वखारवाले दोन हजार, आणि मी तीनशे? मी निदान काहीतरी शिकवते!”

यानंतर जे झालं त्याला पाहणी म्हणणं धाडसाचं होईल. दर जिन्यानं वर जात राहिले. ज्यांनी सकाळी सांगितलं होतं ते संध्याकाळी सुधारायला आले. तिसऱ्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “हा कागद नोटीस बोर्डावर लागणार का?” लागेल, असं मी म्हणालो. “मग मुलाचे अठराशे लिहा. त्याला स्थळं येताहेत.” एका घरात नवरा-बायकोचे दर सारखे निघाले, तेव्हा नवऱ्यानं मला बाजूला घेऊन स्वतःचा पन्नासनं वाढवून घेतला. बायकोनं तो दारामागून ऐकला आणि मला दुसऱ्यांदा बोलावलं. मी दोन्ही नोंदी केल्या, वेळेसह. नोंदी घेणाऱ्यानं मत देऊ नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाळला.

सरळ आकडा एकट्या बेकरीवाल्यानं दिला. बेकरी आमच्या गेटसमोर आहे आणि त्याची निम्मी दुकानं कालव्यापलीकडे.

“ब्रेड तासाभरात खराब होत नाही,” तो पिठाचे हात झटकत म्हणाला. “पण सातला दुकानात नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्याचा नेतं. माझा दुपारी परत येतो. परत आलेल्याचा टोस्ट करायचा, तो पडत्या भावानं जातो. सहाशेतले एकशे चाळीस परत येताहेत. नगामागे साडेसोळा तोटा. झाले दोन हजार तीनशे दहा.”

“थोडे वाढवायचे?”

“का? तेवढाच तोटा आहे.” त्यानं परतीच्या मालाची वही पुढे सरकवली. सव्वीस वर्षांच्या वर्तमानपत्री आयुष्यात इतकी स्वच्छ बातमी मला कुणी आणून दिली नव्हती. सत्तावीस. आकडा दुरुस्त करून घ्यावा.

बेकरी, एक लाँड्री आणि औषधांचा घाऊक विक्रेता, असा मालाचा एकूण तोटा दिवसाला नऊ हजार चारशे आला. माणसांचा धरून बेरीज गेली एक लाख त्रेसष्ट हजारांवर. मर्यादेच्या चौपट. मी फॉर्म पाच प्रतींत टाइप केला, एकशे चोवीस घर क्रमांक, ताशी दर आणि सह्यांची सात पानं जोडली आणि रीतीप्रमाणे खाली लिहिलं: ‘प्रत माहितीसाठी’. त्याखाली पाच विभाग. बांधकाम, वाहतूक, नगररचना, आरोग्य. पाचवा कोणता घालावा ते सुचेना, म्हणून कर विभाग घातला. चार बरे दिसत नव्हते.

फॉर्म दिल्याच्या बाराव्या दिवशी पोस्टमन आमच्या वसाहतीत दोनदा आला, कारण नोटिसा एका फेरीत मावल्या नाहीत.

एकसष्ट घरांना नोटिसा होत्या. मजकूर एकच. ‘आपण स्वतःच्या सहीने घोषित केलेल्या ताशी दरावरून आपले वार्षिक उत्पन्न पुढीलप्रमाणे दिसते. गेल्या तीन वर्षांत भरलेल्या कराशी ते जुळत नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा.’ अध्यक्षांचं वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस लाख निघालं होतं. ते वाहनतळावर नोटीस हातात धरून उभे होते आणि एवढ्या पैशाचं आपण काय केलं ते आठवत असल्यासारखे दिसत होते.

संध्याकाळी सभा झाली. माझी सुट्टी होती, हे दुर्दैव.

“आकड्याला आधार हवा म्हणे!” कुणीतरी मागून म्हणालं.

“सह्या घेतल्या आमच्या! जिन्यात! चप्पलही घालू दिली नाही!”

“बाई, बावीसशे आपण स्वतः सांगितले होते,” मी म्हणालो.

“मी बोलले,” शिकवणीच्या बाई म्हणाल्या. “लिहिले तुम्ही. बोललेलं सगळं लिहायचं असतं का? पेपरात असं करता?”

पेपरात आम्ही असं करत नाही.

मी एक प्रस्ताव मांडला. त्याच दुपारी घरी बसून मी सगळ्यांचे खरेखुरे, अंदाजानं योग्य वाटणारे दर घेऊन बेरीज पुन्हा केली होती. ती शेहेचाळीस हजार आली होती. “म्हणजे खरं लिहिलं असतं तरी पूल बसत होता,” मी म्हणालो. “अजूनही बसेल. सगळ्यांनी आपापला खरा दर कळवावा. चाळीसच्या वर आहोत आपण.”

एकशे चोवीस घरं मनातल्या मनात खरा दर आणि भरलेला कर यांची वजाबाकी करत होती.

“खरा नको,” अध्यक्ष म्हणाले.

“खऱ्यातही थोडं निघेल,” दुसरे म्हणाले.

“मग पूल?”

“पूल काय, आज ना उद्या होईलच. वळसा आहे की. चालायला चांगलं असतं.”

मला त्या क्षणी दादाचं नाव काढायचं नव्हतं. तरी काढलं. सांगितलं, की दुपारी त्याला उभं करणारं कुणी नाही; व्यायामाच्या बाई म्हणाल्यात, एकदाच चालवताय तर अर्धंच मिळेल; आणि तीन महिन्यांतले त्रेचाळीस दिवस गेले आहेत. लोक हळहळले. खरंच हळहळले. कुणी एका तेलाचं नाव सांगितलं, कुणी एका वैद्याचं. पत्ता लिहून घेतला, तर तो कालव्यापलीकडचाच निघाला.

शेवटी अध्यक्षांच्या मेहुण्यानं मार्ग काढला. तो न्यायालयाबाहेर टंकलेखन करतो. मार्ग असा, की प्रत्येकानं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मसुदा मी करायचा. नकार दिला तर वकिलाची फी माझ्याकडून घेऊ, असं मला प्रेमानं सांगण्यात आलं. मला दिलेल्या वेळेत मजकूर देण्याची सवय आहे. अर्ध्या तासात दिला.

‘मी प्रतिज्ञेवर लिहून देतो/देते, की माझ्या वेळेला कोणतेही आर्थिक मूल्य नाही, यापूर्वी नव्हते व पुढे असण्याची शक्यता नाही.’

“शेवटचं काढा,” शिकवणीच्या बाई म्हणाल्या. “मुलांचे पालक वाचतील.” त्यांच्यापुरतं काढलं. स्थळं येणाऱ्या मुलाच्या वडिलांनी ‘सध्या’ हा शब्द घालून घेतला. अध्यक्षांनी न वाचता सही केली. साक्षीदार म्हणून त्यांच्या पत्नी पुढे आल्या, चष्मा लावून त्यांनी सगळं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “याला मी कुठंही साक्ष देईन.” त्या दिवसातली सर्वांत ठळक सही त्यांची आहे.

एकशे तेवीस प्रतिज्ञापत्रं दाखल झाली. एकशे चोविसावं घर माझं. मला नोटीस नव्हती, कारण माझा दर पगाराच्या पावतीवरचाच होता. मी काही मागे घेतलं नाही. त्यामुळे सुधारित प्रपत्र ब मध्ये प्रवाशांच्या वेळेचं एकूण दैनिक मूल्य उरलं एकशे वीस रुपये तेरा पैसे, आणि ते संपूर्णपणे मी होतो. मालाचं होतं तेवढंच राहिलं.

अभियंत्यानं मला बोलावून घेतलं. “यादीत बसत नाही आता,” तो म्हणाला. “पण मी पुलाला खालून टेकू दिलेत. हलकी वाहतूक चालेल. नियमात ‘मर्यादित वापर’ आहे. ज्या वर्गाचं मूल्य सिद्ध झालंय त्याला ठरावीक वेळेत सोडता येतं.”

“म्हणजे?”

“माल सिद्ध झालाय.”

“आणि माणसं?”

त्यानं प्रतिज्ञापत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. गठ्ठा वीतभर उंच होता आणि त्यावर त्यानं पेपरवेट ठेवला होता. “तुम्ही एकटेच उरता. एका माणसासाठी वर्ग उघडता येत नाही हो.”

पुढच्या सोमवारपासून पूल सकाळी साडेसहा ते आठ आणि दुपारी एक ते दोन असा उघडला. पिंपांच्या जागी फाटक आलं, फाटकाशी खुर्ची, खुर्चीत पहारेकरी, त्याच्या मांडीवर रजिस्टर. नवी पाटी रंगवलेली होती: ‘फक्त माल. प्रवाशांस मनाई.’ एका वेळी फार वजन न्यायचं नव्हतं, म्हणून बेकरीची छोटी गाडी सकाळी सात आणि दुपारी पाच फेऱ्या करू लागली. ब्रेड पुलावरून जाऊ लागला. मी बसथांब्यावर उभा राहून तो जाताना पाहत होतो.

मंगळवारी दुपारी एकला बेकरीवाल्यानं गेटासमोर गाडी माझ्यापाशी थांबवली. “बसा.”

“मनाई आहे.”

“प्रवाशाला. फेरीमागे दोन हमाल चालतात. लिहिलंय परवान्यात.”

मी मागे ट्रे धरून बसलो. फाटकाशी पहारेकऱ्यानं आत डोकावून माझा इस्त्रीचा सदरा पाहिला. “हे कोण?”

“हमाल,” बेकरीवाला म्हणाला.

“हमालाला चष्मा?”

“ट्रेवरचे आकडे वाचायला लागतो.”

पहारेकऱ्यानं रजिस्टरात लिहिलं: ‘हमाल – १, चष्मा’. पलीकडे पोचल्यावर मी उतरून दादाच्या गल्लीकडे वळणार, तेवढ्यात बेकरीवाल्यानं मागून हाक मारली. “साहेब, तो बघतोय. दोन ट्रे तरी उतरवा.” मी उतरवले. दुसरा ट्रे डोक्यावर असताना आमच्या दैनिकातला शिकाऊ वार्ताहर सायकलवरून गेला. त्यानं मला ओळखलं आणि, त्याचा चांगुलपणा म्हणून सांगतो, ओळखलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी कचेरीत मात्र त्यानं मला खुर्ची पुसून दिली.

त्या दुपारी सव्वा वाजता दादाच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझ्या खांद्यावर ब्रेडचा चुरा होता.

“काय... वजन?” दादानं विचारलं.

“बावीस किलोचा ट्रे.”

“पावती... घेतलीस?”

मी त्याच्या उजव्या काखेत खांदा घातला. तो उठला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. वहिनी दारात उभी राहून तोंडातल्या तोंडात पावलं मोजत होती.

या व्यवस्थेत गुप्त असं काही नव्हतं, म्हणून ती दोन दिवसांत सगळ्यांना कळली. पहिल्या आल्या शिकवणीच्या बाई. त्यांचे चार विद्यार्थी पलीकडे राहतात. त्यांनी पदर खोचला, ट्रे उचलला आणि पहारेकऱ्याला स्वतःच सांगितलं, “हमाल. लिही. ‘ह’ला काना नको.” मग स्थळांचा मुलगा आला. मग लोक बेकरीसमोर रांग लावू लागले, कारण बारा फेऱ्या म्हणजे चोवीसच जागा. अध्यक्ष पहिले चार दिवस “आम्ही असलं करत नाही” म्हणून वळशानं गेले. पाचव्या दिवशी ते आले, ट्रेची जाडी पाहिली आणि म्हणाले, “हलका द्या. आणि पुढच्या बाजूला बसेन.” आठवड्याभरात बेकरीचा माल इतका जलद उतरू लागला, की परत येणारे एकशे चाळीस ब्रेड वीसवर आले. बेकरीवाला आयुष्यात प्रथमच दुपारी झोपला.

पूल उघडल्याच्या सतराव्या दिवशी, परवा, अभियंत्याचं पत्र आलं. पत्ता माझा, पदनाम ‘हमाल प्रतिनिधी’. रजिस्टरात दोनशे एकसष्ट हमालांच्या नोंदी आढळतात. ते कामावर असताना प्रवास करत असल्यानं त्यांच्या वेळेची पूर्ण किंमत धरणं बंधनकारक आहे. सबब प्रत्येकाचा ताशी दर घर क्रमांक व सहीसह शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत कळवावा. न कळवल्यास शनिवारपासून हमालांस मनाई करण्यात येईल. प्रत माहितीसाठी: कर विभाग. ही सवय त्यांना कुणी लावली, ते मला ठाऊक आहे.

हमाल एकूण सत्तावीस. काल सकाळी मी सत्तावीसही दारं वाजवली.

“शून्य लिहा,” अध्यक्ष म्हणाले.

“शून्य दराचा हमाल नसतो, असं अभियंता म्हणतो. मग हमाल बंद.”

“मग काहीतरी लिहा. पण माझं लिहू नका.”

शिकवणीच्या बाई म्हणाल्या, “मी प्रतिज्ञेवर सांगितलंय माझ्या वेळेला किंमत नाही म्हणून. आता दर सांगितला तर खोटी ठरेन. न सांगितला तर मुलांच्या परीक्षा आहेत. तुम्हीच सांगा!”

बेकरीवाल्याकडे मी शेवटी गेलो. त्यानं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे आकडा तयार नव्हता. “तुम्ही दर लिहिलात, तर तो दर मी देतो असं होईल,” तो म्हणाला. “सत्तावीस कामगार. त्यांचा विमा काढावा लागेल, हजेरी ठेवावी लागेल. आणि नाही लिहिलात तर एकटा सहाशे ब्रेड कसे उतरवू? सवय मोडली साहेब.”

“माझा एकट्याचा लिहू?”

“तुम्ही किती घेता?”

“काहीच नाही.”

“तेच तर,” तो म्हणाला.

आज शुक्रवार. दुपारची पहिली गाडी एक वाजता निघायची, ती सव्वाला निघाली, कारण उद्यापासून बंद होईल या भीतीनं रांगेत वाद झाला. मी मागे दोन ट्रे धरून बसलो होतो. पलीकडच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा दुसरा पहारेकरी कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होता.

“इथून माणसं सोडत नाही, काका. मागे व्हा.”

फाटकाच्या आडव्या लोखंडी दांडीवर डावा हात ठेवून दादा उभा होता. वहिनी त्याच्या दुसऱ्या बाजूला होती. धरलेलं नव्हतं, नुसते हात पुढे करून चालली असावी. दादाच्या घरापासून फाटक चार मिनिटांवर आहे. किती वाजता निघालात म्हणून मी नंतर विचारलं. वहिनी म्हणाली, बारा पंचवीसला.

“काका, ऐकू येतंय का? पलीकडे जाता येणार नाही.”

दादा ओठ जुळवत होता. मागे लाँड्रीची गाडी भोंगा वाजवू लागली. पहारेकऱ्यानं पेन उघडलं, मग बंद केलं.

“जायचं... नाही,” दादा म्हणाला. “त्याला... न्यायला... आलोय. उशीर... झाला... त्याला.”

मी ट्रे खाली ठेवले. माझे दोन्ही ट्रे आज बेकरीवाल्यानंच उतरवले. दादा, वहिनी आणि मी घरी निघालो. खांदा मी पुढे केला, तो दादानं पहिल्या वळणापर्यंत घेतला नाही, मग घेतला. वाटेत तो दोनदा थांबला, एकदा दम घ्यायला आणि एकदा एका टेम्पोत माल जास्त भरलाय हे मला दाखवायला. फाटकापासून त्याच्या दारापर्यंत एकेचाळीस मिनिटं लागली.

दोनला पूल बंद झाला होता. दुपारची बस नसते. मी वळशानं चालत कचेरीत पोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. सत्तावीस वर्षांतला हा माझा पहिला उशीर.

प्रपत्र ब माझ्या टेबलावर आहे. कनिष्ठ अभियंत्याचा दोनदा फोन येऊन गेला. सत्तावीसांपैकी कुणीही दर कळवलेला नाही. हे लिहीपर्यंत साडेचार वाजले आहेत. पहिल्या ओळीवर माझा घर क्रमांक आणि सही आहे, दराचा रकाना कोरा आहे.